शिडीबुवाची माणसं

सकाळी रिक्षा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर थांबली आणि समोरच्या फ्लेक्सवर मला शिडीबुवा दिसला. आधी मला हसूच फुटलं. इतक्या वर्षांनी भेटला, आणि भेटला कुठं, तर लालासाहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, त्यांच्या खांद्याला खांदा लावून. तेच फुगलेले गाल, तोच कपाळावर घसरलेला केसांचा टोप, तोच लाल कोट आणि हातात धरलेली तीच शिडी. खाली पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं होतं, 'पायरी साहेबांनी दिली, मरेपर्यंत सोडणार नाही.' कर्म माझं, म्हटलं, गाढवांनी खलनायकाला हिरो समजून छापलाय. समुद्री चाच्यांच्या जपानी चित्रकथेतला हा सगळ्यांत हास्यास्पद, सगळ्यांत पाजी माणूस. हल्ली त्याची मालिका मोबाईलवर यायला लागल्यापासून पोरं त्याची स्टिकरं गाड्यांना लावतात, एवढं मला माहीत होतं. पण भर चौकात, गॉगल लावलेल्या माजी सभापतींच्या शेजारी त्याला उभा करायचा म्हणजे कमाल झाली. मी फोटो काढला. मिलिंदला पाठवू, पोट धरून हसेल, असं मनात आलं. फोटो नीट आलाय का म्हणून बोटांनी मोठा करून बघताना अगदी खालच्या ओळीत, शुभेच्छुकांच्या रांगेत, पासपोर्ट फोटोएवढ्या चौकोनात, मला मिलिंदच दिसला. माझा भाऊ.

आमच्याकडं फ्लेक्स वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. वर गोल चौकटींत मुंबई-दिल्लीचे चेहरे. मधे ज्याचा वाढदिवस तो, गुडघ्यापर्यंत, हात जोडून. त्याच्या दोन्ही बाजूंना घरचे, म्हणजे पुतण्या पृथ्वीराज वगैरे, छातीपर्यंत. त्यांच्या खाली तालुक्याची माणसं गळ्यापर्यंत. आणि तळाला, जिथं गाड्यांचा चिखल उडतो तिथं, नुसती तोंडं. कुणाचं तोंड केवढं छापलं यावरून भावकीत डोकी फुटलेली मी बघितली आहेत. लालासाहेब सांगलीचे, पण त्यांना आता पदवीधर मतदारसंघातून उभं राहायचं होतं, म्हणून साताऱ्यातसुद्धा वाढदिवस. मिलिंद तळात होता, कुणाचा तरी गॉगल घालून. त्याच्या ओळीत सगळ्यांना आडनावं होती, याच्या तोंडाखाली नुसतं 'मिलिंद'. आमचं आडनाव वाचलं की माणसाला आम्ही कोण ते लगेच कळतं. छप्पन साली पप्पांच्या वडलांनी घरातले देव कृष्णेत सोडले, आडनाव काही कुठं सोडता आलं नाही. ते आडनाव त्यांनी काढलं की यानंच काढायला लावलं, हा विचार आला आणि हसू कुठल्या कुठं गेलं. रिक्षावाला विचारत होता, मॅडम, झाला का फोटो. मी म्हटलं, झाला, चला.

मी लॅबमध्ये आहे, घरोघर जाऊन रक्त काढते. त्या सकाळी शाहूपुरीत एक रिटायर सुभेदार उपाशीपोटी माझी वाट बघत बसले होते. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, बोटानं चाचपलं, तर शीर हाताला लागेना. माझं असं होत नाही कधी. सुभेदार म्हणाले, लक्ष कुठं आहे पोरी, भूक लागलीय मला. मी काहीतरी हसून बोलले. लक्ष राजवाड्याजवळच्या बोळातल्या नेट कॅफेत होतं. आई गेली तेव्हा मिलिंद सात वर्षांचा होता आणि पप्पा फौजेत, पार जम्मूला. मी नुकतीच दहावी झालेली. शाळा सुटली की तो रडायचा, घरी यायचंच नाही म्हणायचा, कारण घरात आई नसायची. मग मी त्याला त्या नेट कॅफेत न्यायची. कडेचा कॉम्प्युटर, एका खुर्चीवर दोघं, आणि इंग्रजीत केलेली ती जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडं वाचायची. मी वाचायची आणि लगेच आमच्या भाषेत सांगायची, चाच्यांना आमच्या गावची नावं ठेवायची. शिडीबुवा हे नाव तिथलंच. खरं नाव जपानी, लांबलचक, दोघांच्याही जिभेला वळायचं नाही.

त्याच्या जहाजावर डोलकाठीच्या जागी आभाळात गेलेली एक शिडी होती. टोळीत येणाऱ्या प्रत्येकाला एक पायरी मिळायची. नियम दोनच. वरच्यानं लाथ मारली की 'आभारी आहे' म्हणायचं, आणि खालच्याला रोज एक लाथ मारायचीच. बुवा स्वतः टोकाला, एवढ्या उंचावर की त्याला भोवळ यायची, म्हणून तो डोळे मिटूनच राज्य करायचा. भाषण मात्र झकास द्यायचा. माणसाला भाकरी नको असते, म्हणायचा, स्वातंत्र्य तर मुळीच नको असतं, त्याला आपल्या खाली कुणीतरी पाहिजे असतं. तेवढं दिलं की तो वर बघत नाही. मी प्रत्येकाला खालचा एक माणूस देतो, माझ्याएवढा दानशूर समुद्रात दुसरा दाखवा. मग सगळ्यांत तळाचा, ज्याच्या खाली कुणीच नव्हतं, तो विचारायचा, महाराज, माझं काय? बुवा वरून ओरडायचा, तुला अख्खा समुद्र दिला, मार लाथ! आणि तो बापडा दिवसभर पाण्याला लाथा मारत बसायचा, चिंब भिजून, ताठ मानेनं. मिलिंद ते चित्र बघून एवढा हसायचा की त्याला उचकी लागायची. आई गेल्यावर तो पहिल्यांदा हसला ते त्या चित्राला. म्हणून मला तो बुवा, पाजी असला तरी, आवडायचा.

सुट्टीवर आलेल्या पप्पांना मिलिंदनं सगळी गोष्ट सांगितली तर पप्पा म्हणाले, यात चूक काय आहे, रँक तर पायजेच, रँकशिवाय कंपनी चालेल का. मिलिंद तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. कंबरेवर हात ठेवून पप्पांना म्हणाला, रँकवाला रिटायर होतो, शिडीवाला होत न्हाई. पप्पा बघतच राहिले, मग मिशीत हसले. मला त्या पोराचा असा काही अभिमान वाटला म्हणून सांगू. पुढं आठवीत असताना चौदा एप्रिलला वस्तीत त्यानं भाषण केलं, त्यात बाकीच्या पोरांसारखं पाठ केलेलं काही नव्हतं, नुसता शिडीबुवा होता. प्रत्येकाला खालचा एक माणूस दिला की कुणी वर बघत नाही, आणि आपल्या देशात हा बुवा फार वर्षांपूर्वी येऊन गेला, असं म्हणाला. टाळ्या पडल्या. बिराप्पा नावाचे एक म्हातारे भाषणानंतर घरी आले, ह्यो बुवा कुठल्या मठाचा, आपल्या लोकांनी आता बुवाबिवांच्या नादी लागू नये, म्हणून समजवायला लागले. आम्ही दोघं मोरीत तोंड दाबून हसलो. हे सगळं त्या सुभेदारांच्या घरात, कापसाचा बोळा धरून उभी असताना, इतकं स्पष्ट दिसत होतं की मला मिलिंदचा तेव्हाचा घोगरा होत चाललेला आवाजसुद्धा ऐकू आला.

सुभेदारांच्या जिन्यात उभी राहूनच मी फोन लावला. झाडायचंच ठरवलं होतं. आडनाव विकून फोटो छापून घेतोस व्हय रं, असं म्हणणार होते. त्यानं फोन उचलला आणि मला बोलूच दिलं नाही. हळू आवाजात म्हणाला, आक्का, आज चारनंतर माझा फोन लागायचा न्हाई, चार दिवस तरी, पप्पांना काय सांगू नगंस. मी विचारत गेले, तो टाळत गेला, शेवटी बाहेर आलं. परवा सांगली-मिरज रस्त्यावर गाडीनं एका माणसाला उडवलं. गाडी पृथ्वीराज चालवत होता, पिऊन. मिलिंद मागं बसला होता. आज चार वाजता मिलिंद पोलिसांत जाऊन सांगणार होता की गाडी मीच चालवत होतो. हे त्याला कुणी करायला लावलं होतं असंही नाही; तो म्हणाला, मीच म्हटलं साहेबांना, मी घेतो अंगावर. अपघातच हाय, जामीन लगेच हुतो, साहेबांच्या नानासोंनी वकील बघितलाय. मी फक्त एवढंच म्हणाले, मी येतेय, माझ्याशिवाय कुठं जायचं नाही. मग लॅबला फोन करून खोटंच सांगितलं की पप्पांना बरं नाही, नमुने दुसऱ्या मुलीकडं दिले, आणि स्टँडवर गेले.

सांगलीची गाडी लगेच मिळाली. खिडकीशी बसले. उंब्रज गेलं, कऱ्हाड गेलं, आणि मी डोक्यात त्याच्याशी भांडत होते. काय बोलायचं, कसं बोलायचं, कुठल्या शब्दाला तो वळेल. तसा तो वळणारा होता. हट्टी नव्हताच कधी. उलट कुणी जरा मायेनं हाक मारली की वाहवत जायचा; आईविना वाढलेल्या पोराचं होतं तसं. फौजेच्या भरतीला तीनदा गेला, तीनदाही छाती अर्ध्या सेंटिमीटरनं कमी भरली. पप्पा तेव्हा रिटायर होऊन घरी आलेले. ते काही बोलले नाहीत, आणि नुसते बोलले नाहीत असं नाही, चार महिने त्याच्याशी बोललेच नाहीत. ताट पुढं ओढायचे, टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी मधे पडून दोघांचं बोलणं इकडचं तिकडं करायची. त्यातच तो सांगलीला गेला, आधी मोबाईलच्या दुकानात, मग लालासाहेबांच्या ऑफिसात. साहेबांचं फेसबुक बघतो म्हणाला. मला बरं वाटलं होतं, पोराला कामाचं कौतुक तरी होतंय. पेठ नाक्याला बस वळली. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून काळा रस्ता. शेजारची बाई शेंगा सोलत होती, मला ओंजळभर दिल्या. मी हातात धरून बसले, खाल्ल्या नाहीत.

आणि त्याच रस्त्यावर कुठंतरी मला शिडीबुवाचा शेवट आठवला. गोष्टीतली नायिका, मीठ विकणाऱ्याची हडकुळी मुलगी, बुवाला हरवते, शिडी जाळून टाकते, आणि तळाच्या माणसापासून सगळ्यांना सांगते, जा, मोकळे झालात. ते चित्र बघून मिलिंदनं खुर्चीवर उड्या मारल्या होत्या. पण पुढच्या भागात ती माणसं किनाऱ्यावर गप्प बसलेली. एक जण उठतो, दोन बांबू आणतो. दुसरा दोर आणतो. आणि बुवा तिथं नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, ती माणसं आपल्या हातांनी नवी शिडी बांधतात, आणि आपापल्या पायरीवर जाऊन उभी राहतात. मिलिंद आधी हसला, त्याला वाटलं गंमत आहे. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला रडू फुटलं. घरापर्यंत रडत आला. का करत्यात ती तसं, आक्का, का करत्यात? मी म्हटलं, गोष्ट आहे रे सोन्या. तो म्हणाला, गोष्टीत तरी कशाला करत्यात. एवढं कळणारं पोर होतं ते. आष्टा जाईपर्यंत मी स्वतःला बजावत होते की ज्याला एवढं कळलं होतं त्याला आजही कळेल, नुसतं कुणीतरी समोर बसून सांगायला पाहिजे. मग मोबाईल काढला आणि सांगलीच्या बातम्या बघितल्या. बातमी चार ओळींचीच होती. सांगली-मिरज रस्त्यावर वाहनानं धडक दिलेले मार्केट यार्डातील हमाल केरबा हे आज पहाटे मिरजेच्या सरकारी रुग्णालयात मयत झाले. मयत हा शब्द मी दोनदा वाचला. आता हा नुसता अपघात राहिला नव्हता. मला वाटलं, त्याला हे कुणी सांगितलंच नसणार. त्या क्षणी, खरं सांगते, मला थोडं बरंही वाटलं, कारण आता माझ्याकडं त्याला अडवायला काहीतरी होतं.

लालासाहेबांचं ऑफिस विश्रामबागेत, बंगल्याच्या आवारात. बाहेर पांढऱ्या गाड्या. आत सोफे, हारांचा वास, आणि कामं घेऊन आलेली माणसं खुर्च्यांच्या कडेवर बसलेली. नानासो नावाचे गृहस्थ समोर आले, साहेबांचा उजवा हात, पन्नाशीचे, बोलायला अतिशय मऊ. मी मिलिंदची बहीण म्हटल्यावर त्यांनी लगेच चहा सांगितला, पंखा वाढवायला लावला आणि मला मागच्या खोलीत बसवलं. मिलिंद आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवा. दाढी गुळगुळीत. मला वाटलं होतं घाबरलेला असेल, डोळे सुजलेले असतील. तो लग्नघरातल्या माणसासारखा लगबगीत होता, खुशीत. जेवलीस का, म्हणाला. एवढ्या लांब कशाला आलीस. मी दार लोटलं आणि बातमी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती वाचलीसुद्धा नाही. "माहीत हाय मला," म्हणाला. "सकाळीच कळलं."

मग मी सगळं बोलले. भांडले, हात जोडले, आईचं नाव घेतलं. मी त्याला विचारलं, पृथ्वीराज मारतो आणि तू आत जातोस, कशासाठी, पुढच्या फ्लेक्सवर एक ओळ वर यायला? तो चिडला नाही. दुसऱ्या ओळीत घेणार आहेत, आडनावासकट, असं म्हणाला, पण ते महत्त्वाचं नाही म्हणाला. मग खाली बघत, शर्टाची बाही सारखी करत, त्यानं मला सांगितलं. परवा तो म्हणाला मी घेतो अंगावर, तेव्हा लालासाहेबांनी त्याला हाताला धरून बंगल्यात नेलं. ऑफिसात नाही, बंगल्यात. आत स्वयंपाकघरापर्यंत. टेबलावर स्वतःच्या शेजारी बसवलं. वहिनीसाहेबांनी स्वतः वाढलं, घरच्याच ताटात, भाकरी, तूप, पुन्हा भाकरी, लाजू नको म्हणाल्या. तीन वर्षं झाली आक्का, तो म्हणाला, तीन वर्षांत मी त्या उंबऱ्याच्या आत गेलो नव्हतो. माझा चहा बाहेर यायचा. परवा साहेब म्हणाले, आजपास्नं तू घरातला. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. माझ्या चोवीस वर्षांच्या भावाला एका जेवणानं विकत घेतलं होतं, आणि मला त्याचा राग येत नव्हता. त्याला जवळ घेऊन इथून पळून जावंसं वाटत होतं.

मी म्हटलं, शिडीबुवा आठवतो का रे तुला. तो हसला, अगदी लहानपणचं हसू. फ्लेक्सवर त्याला टाकायची आयडिया त्याचीच होती, साहेबांना चित्र लय आवडलं. मी म्हटलं, अरे, तूच भाषण केलं होतंस. तो म्हणाला, तेव्हा आपण लहान होतो. "शिडीबुवाचं काय चूक नव्हतं, आक्का. ती मिठाची पोरगी शिडी जाळून निघून जाती, तिला काय. माणसं कुठं जाणार? पाण्यात? पायरी हाय म्हणून तर माणूस उभा हाय." हे त्यानं समजावल्यासारखं, मायेनं सांगितलं, जसं मी त्याला खुर्चीत बसून सांगायची. सगळा रस्ता ज्याच्याशी मी भांडत आले होते तो कुणी वेगळाच होता. मग मी म्हटलं, आणि जो मेला तो? त्याच्या घरची माणसं? मिलिंदनं घड्याळाकडं बघितलं. उठला, शर्ट खोचला, आणि सहज, काही वाईट बोलतोय असं त्याला वाटलंसुद्धा नाही, म्हणाला, "हमालच हुता गं."

आमच्या आईचे वडील, राजाराम, सांगलीच्या मार्केट यार्डात जन्मभर हळदीची पोती वाहायचे. त्यांच्या मानेवर उंटाच्या कुबडासारखं आवाळू आलेलं. आई लहानपणी त्यांचा डबा घेऊन यार्डात जायची, आणि म्हणून तिच्या सगळ्या गोष्टींना हळदीचा वास असायचा. मिलिंदला हे ठाऊक होतं. आजाच्या पाठीवर बसून तो फिरलेला होता. मला ओरडायचं होतं, थोबाडीत द्यायची होती, आणि माझा हातच वर होईना. तोच नानासो दारात आले, चला म्हणाले. अंगणात लालासाहेब उभे होते. मला बघून त्यांनी फ्लेक्सवर जोडतात तसेच हात जोडले. ताई, काळजी करायची नाही, म्हणाले, आमचंच लेकरू हाय, केसाला धक्का लागू देणार न्हाई. आणि खरंच एवढं आपुलकीनं बोलले की माझ्या तोंडून हो निघून गेलं. मिलिंदला त्यांनी गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, स्वतःच्या हातानं दार लावलं. मिलिंदनं काचेतून मला हात केला. शाळेच्या सहलीच्या बसमधून करायचा तसा, घाईघाईनं, बस सुटायच्या आधी.

मी रिक्षा केली आणि मिरजेला गेले. माझ्यापुढं आता एकच दार उघडं होतं. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी जबाबात खरं नाव घेतलं, पृथ्वीराजचं, आणि ते धरून ठेवलं, तर मिलिंद सुटत होता. ते त्यांना सांगणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. हे मी केलं की मिलिंद पुन्हा माझं तोंड बघणार नाही, हेही मला दिसत होतं. तो त्या स्वयंपाकघरातून बाहेर फेकला जाणार होता, आणि फेकणारी मी असणार होते. रिक्षात मी दोनदा म्हणाले, थांबवा, आणि दोनदा म्हणाले, नाही, चला. भाऊ आत गेला तरी माझा राहतो, आणि सुटला तर माझा राहत नाही. मग सुटू दे, असं मी ठरवलं. ठरवताना बरं काहीच वाटलं नाही.

शवागाराच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली यार्डातली चार-पाच माणसं बसली होती, डोक्याला टॉवेल बांधून. बाजूला एकटी एक बाई, पाय लांब करून, भिंतीला टेकून. ती मनुबाई, केरबाची बायको. बॉडी अजून मिळायची होती. ऊन उतरत आलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं पदर सावरून मला जागा दिली, कोण म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, लांबची कुणी नात्यातली समजली असेल. मी सगळा धीर एकवटून सांगितलं, पटापट, मधे थांबले तर जमणार नाही म्हणून. की पोलिसांत जो पोरगा हजर झालाय तो माझा भाऊ आहे, गाडी त्यानं चालवली नव्हती, पृथ्वीराजनं चालवली होती, लालासाहेबांच्या पुतण्यानं, आणि तुम्ही हे जबाबात सांगा, मी साक्षीला उभी राहीन.

मनुबाईनं ऐकून घेतलं. डोळे कोरडे होते, आणि आवाज शिळ्या भाकरीसारखा. "ठावं हाय आमास्नी," ती म्हणाली. "यार्डाच्या पोरांनी बघितलंय की समद्यांनी. सकाळी नानासो येऊन गेलं. कुणाचं नाव घ्यायचं त्ये सांगून गेलं. पोरीच्या नर्सिंगच्या फीचं बघतो म्हनालं."

मी म्हटलं, मग तुम्ही? तिला उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही, ते तिनं सकाळीच नानासोंना दिलेलं होतं. झाडाखालची माणसं आमच्याकडं बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती. सगळ्यांना माहीत होतं. पोलिसांनाही माहीत असणार. खरं सांगायला म्हणून मी भाऊ गमवायला तयार होऊन आले होते, आणि त्या खऱ्याचं इथं कुणालाच काही करायचं नव्हतं. मी उठायला लागले. तर मनुबाईनं माझा हात धरला.

"तुजा पाठचा का गं त्यो?"

मी मान हलवली.

"केवढा हाय?"

मी म्हटलं, चोवीस.

"पोरगंच की मग," ती म्हणाली. माझा हात तिनं तसाच धरला होता. "आत पोटाला नीट देत्यात न्हवं त्याला?"

त्यावर मला जे रडू फुटलं ते आई गेली तेव्हाही फुटलं नव्हतं, तेव्हा मिलिंदला सांभाळायचं होतं. मी त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले, लोक बघत असताना. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, खरबरीत हात, गप गं बाई, यील सुटून, म्हणत. तिचा नवरा आत झाकून ठेवलेला होता, आणि समजूत ती माझी काढत होती.